जपानी पाहुण्याला शिरूरची वीज

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील समस्त वीजग्राहकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जपान देशाचा एक रहिवासी आपल्या भागात कायमचा मुक्कामाला आला असून, इथली वीज त्याला पचत नसल्याकारणाने त्याच्या पोटावर माझ्या हस्ते शस्त्रक्रिया करण्यात आली. शस्त्रक्रिया माझ्या दुकानात, फुकट्या बघ्यांच्या उपस्थितीत, चहाच्या दोन फेऱ्यांसह पार पडली. रुग्णाची प्रकृती ठणठणीत असून तो रोज पोटभर धूळ खातो. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.

रुग्ण म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. धूळ ओढायचं यंत्र. आणि शस्त्रक्रिया करणारा मी, सुभाष, शिरूरचा मोटार रिवायंडिंगवाला.

आमचा धंदा काय, ते आधी सांगतो, कारण माझ्या साडूलासुद्धा अजून तो नीट कळलेला नाही. मोटारीच्या पोटात तांब्याची तार गुंडाळलेली असते. मोटार जळली म्हणजे ती तार जळली. मी जळकी तार उपसतो, वेढे मोजतो आणि तेवढेच वेढे नव्या तारेचे भरतो. बोअरची मोटार, मिक्सर, पंखा, कडबाकुट्टी, सगळ्यांचं पोट थोड्याफार फरकानं सारखंच. उसाला पाण्याची पाळी आली की माझ्या दुकानाबाहेर बसलेल्या माणसांचे चेहरे थेट ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकांसारखे असतात. मीही मग उगाच कपाळाला आठ्या घालून आतबाहेर करतो. गिऱ्हाइकाला बरं वाटतं.

अलीकडे मात्र एक नवी जात दुकानात येऊ लागली: परदेशी वस्तू. कुणाचा मुलगा अमेरिकेत, कुणाची सून कॅनडात. सुट्टीला येताना बॅगेत घालून काहीतरी आणतात आणि आईबापांना देऊन जातात. तिकडची वीज शंभर-एकशेवीस व्होल्टची, आपली दोनशे तीस. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. तिकडची वस्तू थेट आपल्या बोर्डात लावणं म्हणजे ठिबकची नळी बोअरच्या पाइपाला थेट जोडण्यासारखं. नळीचं काय होतं ते कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

पाटसच्या एका आबांनी नातवानं आणलेलं कॉफीचं यंत्र असंच थेट लावलं होतं. फट् झालं, धूर झाला, घरभर वास सुटला. दुसऱ्या दिवशी ते काळं पडलेलं यंत्र मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसले. मी जपून, शोकसभेच्या आवाजात सांगितलं की आबा, हे आता गेलं. आबांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नव्हता. उलट छाती फुगली होती. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्या लाइटीपुढं अमेरिकेची वस्तू टिकली न्हाई बघा."

असले देशभक्त सोडले तर परदेशी वस्तूत मला फारसा रस नव्हता. पण मग छायाताई आल्या.

छायाताई कारेगावच्या. तिथल्या कंपनीत आलेल्या एका जपानी इंजिनियरच्या फ्लॅटवर त्या घरकाम करायच्या. साहेबाची बदली झाली. जाताना त्यांनी आपला व्हॅक्यूम क्लीनर छायाताईंना देऊन टाकला. सोबत एक जड डबा असायचा, तो कंपनीचा होता, तो कंपनीनं परत नेला. म्हणजे यंत्र आलं आणि त्याला जेवण भरवणारा मागे राहिला. तो डबा म्हणजे ट्रान्सफॉर्मर, आपल्या विजेचा दाब शंभरावर उतरवणारा.

कारेगावातला एक हुशार वायरमन यंत्राची चपटी पिन तोडून आपली गोल पिन बसवायला निघाला होता. छायाताईंनी त्याच्या हातातून वायर ओढून घेतली. "साहेब आधी डब्यात लावायचे, मग मशीन," त्या मला सांगत होत्या. "डब्याबिगर कवाच न्हाई लावलं. म्हंजी त्यात कायतरी आसंल ना दादा?"

मी म्हटलं, आहे. तुम्ही वाचवलंत त्याला.

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली, आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. साहेब गेल्यावर त्यांचं काम गेलं होतं. शिरूरजवळच्या हायवेवर एक नवं मंगल कार्यालय झालंय. त्याच्या स्टेजवर आणि मधल्या वाटेवर लाल गालिचा आहे, आणि तो गालिचा म्हणजे मॅनेजर कदमांच्या गळ्याला लागलेला फास होता. लग्न लागलं की त्यावर अक्षतांचा सडा पडतो. झाडूनं झाडायला जावं तर तांदूळ वर येण्याऐवजी लोकरीत आणखी आत घुसतो. सकाळच्या लग्नाचे तांदूळ संध्याकाळच्या नवरीच्या पायाला टोचतात. मग मुंग्या येतात. एका लग्नात तर नवरदेव सप्तपदी सोडून पाय झाडत उभा राहिला होता म्हणे. कदम पुण्याच्या कुठल्याशा एजन्सीला काम द्यायला निघाले होते. तेवढ्यात छायाताई तिथं जाऊन सांगून आल्या, की माझ्याकडं जपानी मशीन हाय, मी करते.

"चालू मशीन आहे असं सांगितलंत?" मी विचारलं.

"मशीन हाय आसं सांगितलं," त्या म्हणाल्या. "चालू का बंद, ते त्यांनी इचारलंच न्हाई."

मला बाई एकदम पटली.

कदमांनी त्यांना एक संधी दिली होती. येत्या मुहूर्ताला सकाळी एक लग्न आणि संध्याकाळी एक. मधल्या दुपारी गालिचा साफ करून दाखवायचा. संध्याकाळचं लग्न वरवंडच्या मोठ्या भावकीतलं. त्या घरच्या आजी, त्यांना सगळे अक्का म्हणतात, नवऱ्या मुलाच्या आजी. अक्का ज्या कार्यालयाला नाव ठेवतील तिथं त्यांच्या भावकीतलं पुढचं एकही लग्न होत नाही, अशी त्यांची ख्याती. कदमांनी छायाताईंना सरळ सांगून टाकलं होतं, की अक्कांनी गालिच्याला नाव ठेवलं नाही तर काम तुमचं. ठेवलं, तर पुण्याची माणसं येतील. आणि छायाताई पुन्हा कंपनीच्या गेटवर ठेकेदाराच्या रांगेत.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? नवा ट्रान्सफॉर्मर घ्या, असं सांगितलं असतं. तोच सरळ मार्ग, आणि मी तो प्रामाणिकपणे सांगितलाही. पण एवढ्या मोठ्या यंत्राला पेलणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे जात्याची तळी. स्कूटीवर पुढं ट्रान्सफॉर्मर, मागं यंत्र, आणि मध्ये छायाताई, असं उद्या कामं वाढल्यावर कार्यालयांमागून कार्यालयं फिरायचं? आणि खरं सांगू का, माझे हात शिवशिवत होते. इतकी वर्षं मी जळलेल्या मोटारी भरल्या. धडधाकट मोटारीचं पोट फाडून तिला दुसऱ्या विजेचं करायचं, असं काम आयुष्यात कितीदा मिळतं?

गणित सोपं आहे. दाब दुपटीहून जास्त, म्हणून वेढेही त्याच पटीत जास्त भरायचे. पण जागा तेवढीच. मग तार बारीक घ्यायची. जाड नळीतून कमी दाबानं जे काम होत होतं, तेच बारीक नळीतून जास्त दाबानं करायचं. कागदावर तिसरीतल्या मुलालाही येईल. पण तारेवर वार्निशचं पातळ वेष्टन असतं, आणि तार बारीक झाली तरी ते वेष्टन त्या मानानं बारीक होत नाही. त्यामुळे शेवटचे वेढे मावता मावेनात. जपान्यानं खाचा कोरल्या होत्या त्याही अशा नेमक्या, की सुईला वाव नाही. लग्नाच्या पंगतीत शेवटच्या पाहुण्याला बसवताना सगळ्यांना थोडंथोडं सरकायला सांगतात, तसं मी बांबूच्या पट्टीनं एकेक वेढा दाबत होतो, आणि तोंडानं त्यांना विनंत्या करत होतो.

भरलं एकदाचं. पण आता खरी भीती. मोटारीचा फिरणारा भाग, आर्मेचर, ह्या यंत्रात मिक्सरपेक्षाही जोरात फिरतो. एका बाजूला रतीभर वजन जास्त झालं तर सगळं यंत्र थरथरून स्वतःचीच हाडं मोडून घेतं. त्याचा तोल साधायला आमच्या पंचक्रोशीत एकच माणूस. दौंडचे रशीदमामा, माझे उस्ताद. मी काम शिकलो ते त्यांच्याच दुकानात, दौंड स्टेशनच्या अलीकडच्या गल्लीत.

छायाताईही सोबत आल्या. जीवच अडकला होता त्यांचा त्या आर्मेचरमध्ये. जाताना ते त्यांनी रुमालात गुंडाळून मांडीवर धरलं होतं आणि गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं तेव्हा नुसतं "औषध हाय" एवढंच सांगितलं.

रशीदमामांची नजर आता अधू झालीय. दुकान निम्मं बंदच असतं, कारण लोक हल्ली मिक्सर भरत नाहीत, नवा घेतात. मी आर्मेचर हातात दिलं. त्यांनी डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला, शेवटच्या वेढ्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "सुभ्या, हितं तू घाम गाळलाय."

मग दोन समोरासमोर लावलेल्या पात्यांवर त्यांनी ते आडवं ठेवलं. ही जुनी पद्धत. जड बाजू असेल ती आपोआप खाली जाते. आर्मेचर हळूच कलंडलं. मामांनी वरच्या, हलक्या बाजूला वजनापुरती पुटीची, म्हणजे लांबीची, चिमूट लावली. पुन्हा कलंडलं, पण आळसावून. नखानं थोडी पुटी खरवडली. असं चाललं होतं, आणि छायाताई माझ्या बाहीला धरून उभ्या होत्या, त्यांना ते कळलंही नव्हतं. शेवटी आर्मेचर जिथं ठेवावं तिथं तसंच राहू लागलं. शहाण्या मुलासारखं.

मोटारीचे बाकीचे भाग पिशवीतून नेले होते, तिथंच मोटार जुळवली. आता वीज द्यायची. आमच्या धंद्यात नव्या भरलेल्या मोटारीला कधीही थेट वीज देत नाहीत. मध्ये एक मोठा बल्ब लावतात. मोटारीत कुठं तार तारेला चिकटली असेल, तर सगळी वीज बल्बातून धावते आणि बल्ब भक्कन पेटतो. म्हणजे काम वाया. बल्ब मिणमिणला, तर मोटार शाबूत. गिऱ्हाइकाला हे मी सहसा सांगत नाही. छायाताईंना सांगून बसलो होतो, ही चूक झाली. मामांनी बटणावर हात ठेवला तसा छायाताईंनी डोळ्यांवर पदर घेतला.

"बल्ब कसा हाय दादा?"

"उघडा डोळे आणि बघा."

बल्ब मिणमिणत होता. पिकल्या लिंबासारखा. मोटार हळूहळू, सुस्तावल्यासारखी फिरायला लागली. मग मामांनी बल्ब काढून थेट वीज दिली. अशी किंचाळी मारली तिनं, की शेजारचा टेलर कात्री घेऊन धावत आला. मी नाचलो. माझ्या वयाला, माझ्या पोटाला न शोभणारा नाच. मामा मात्र शांतपणे मोटारीला जोडलेल्या पंख्याच्या तोंडाशी कागद धरून बसले होते. कागद चिकटत होता, पण मरगळल्यासारखा. ते म्हणाले, "नाच थांबव. उलटी फिरतीय."

खरंच की. आवाज सगळा मर्दानी, आणि ओढ मात्र लग्नातल्या सनईवाल्याच्या शेवटच्या फुंकरीएवढी. आतल्या पंख्याची पाती एका अंगानं वळलेली असतात. उलट फिरला तरी तो ओढतो, पण जीव नसल्यासारखा. मामांनी आर्मेचरला वीज पोचवणाऱ्या दोन कार्बनच्या वायरी एकमेकींच्या जागी लावल्या आणि पुन्हा बटण दाबलं. या वेळी मामांच्या हातातला कागद फटकन गेला, त्याच्या मागोमाग टेलरचा चिठोरा गेला, आणि मामा लहान मुलासारखे खिदळले. असे हसताना मी त्यांना फार वर्षांनी पाहिलं.

लग्नाच्या दिवशी छायाताईंनी मला कार्यालयात यायलाच लावलं. मशीनच्या माहेरचं माणूस पाहिजे म्हणे. सकाळचं लग्न दणक्यात लागलं. मी मात्र मंगलाष्टकांपेक्षा अक्षतांकडे बघत होतो. प्रत्येक "सावधान"ला वर उडालेला तांदूळ गालिच्यात गडप होत होता. जेवणं झाली, पाहुणे पांगले. छायाताई यंत्र आणायला गेल्या, मी बोर्ड तपासायला गेलो. परत येऊन बघतो तर स्टेजवर हौसामावशी.

हौसामावशी म्हणजे कार्यालयातल्या जुन्या झाडणाऱ्या बाई. त्यांच्या हातात बादली. ओंजळीनं पाणी घेऊन त्या साऱ्या गालिच्यावर प्रेमानं शिंपडत होत्या. झाडायच्या आधी पाणी मारायचं, म्हणजे धूळ उडत नाही. आपल्याकडं कुठल्याही अंगणात हीच रीत. छायाताईंना धुळीचा त्रास नको म्हणून त्या माउलीनं मन लावून सगळा गालिचा ओला केला होता.

 धूळ ओढायच्या यंत्राला पाणी म्हणजे विष. पाणी पिशवीतून झिरपून थेट मोटारीत जातं, आणि त्या मोटारीत माझे कोंबून बसवलेले वेढे. एक थेंब आत शिरला की सगळं संपलं. अशी दुसरी मोटार या मुलखात नव्हती. मी कदमांना म्हटलं, हे वाळायला संध्याकाळ होईल. कदम म्हणाले, संध्याकाळी तर अक्का येणार आहेत. मावशी बादली धरून रडकुंडीला आल्या होत्या. छायाताईंनी त्यांच्या हातातली बादली काढून घेतली, त्यांना खुर्चीवर बसवलं, आणि आपण यंत्राजवळ उकिडव्या बसून त्याच्या पाठीवरच्या जाळीवर हात ठेवला.

"दादा, हे मागनं गरम वारा टाकतंय. साहेब ऑफिसला गेल्यावर थंडीत मी त्याच्याम्होरं पाय शेकायचे. ही नळी म्होरच्या तोंडाला न लावता मागं लावली तर?"

 मी धावलो. पंगतीतला रिकामा पेढ्यांचा बॉक्स फाडला, त्याचं नरसाळं केलं, चिकटपट्टीनं नळी मागच्या जाळीला बांधली. यंत्र आता वरची कोरडी हवा ओढणार आणि मोटारीवरून तापून आलेली हवा नळीतून फेकणार. कार्यालयातले सगळे पंखे लावले, दारं उघडली. मी ऐटीत नळी गालिच्यावर रोखली आणि छायाताईंना खूण केली.

यंत्र ओरडलं आणि गालिच्यातून तांदूळ कारंज्यासारखा उसळला. कदम नेमके समोर उभे होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सफारीत. त्यांच्या डोक्यावर, खांद्यांवर, खिशात, सगळीकडे अक्षता पडल्या. ते हात जोडून तसेच उभे राहिले. बहुधा सवयीनं.

छायाताईंनी नळी माझ्या हातातून काढून घेतली, आणि बरंच केलं. त्या लांबून, तिरकी, सावकाश फिरवत गेल्या. दुपारचं ऊन, पंख्यांचा वारा आणि यंत्राची ऊब. हौसामावशी मागून हाताची पाठ गालिच्याला लावून कुठं ओल राहिली ते सांगत होत्या. सगळीकडं कोरडं झाल्यावर पेढ्यांचा बॉक्स उतरवला आणि नळी पुन्हा पुढच्या तोंडाला लावली. मग खरी मजा. नळीतून तांदूळ जाताना असा तडतडायला लागला, की पत्र्यावर गारा पडाव्यात. पिशवी भरली की मावशी पळत जाऊन रिकामी करत होत्या, आणि दर वेळी त्यातल्या तांदळाच्या ढिगाकडं बघून चुकचुकत होत्या. मी यंत्राच्या पाठीवर हात ठेवून, जळक्या वार्निशचा वास येतोय का ते हुंगत त्याच्या मागं मागं चाललो होतो. बघणाऱ्याला वाटलं असेल, हा माणूस पाळीव कुत्र्याला फिरवतोय.

वास आला नाही. माझे वेढे बसले होते तसेच बसून राहिले.

शेवटचा कोपरा आटोपायच्या आत अक्का आल्या. वेळेच्या बऱ्याच आधी, मुद्दाम. मागं सुना, लेकी, नाती. हिरवं लुगडं, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात काठी. कदमांनी केसांतले उरलेसुरले तांदूळ झटकले आणि पुढं झाले. अक्कांनी त्यांना हातानंच बाजूला केलं. वहाणा दाराशी काढल्या. अनवाणी, काठी न टेकता, मधल्या लाल वाटेवरून स्टेजकडं निघाल्या. मध्येच एकदा थांबल्या, एक तळवा उचलला, सुनेच्या खांद्याला धरून तो उलटा करून पाहिला. काही चिकटलेलं नव्हतं. दुसरा तळवा पाहिला. मग वाकून चार बोटं गालिच्यात घातली आणि केस विंचरावेत तशी ओढून पाहिली.

 छायाताई यंत्राची वायर मुठीत आवळून उभ्या होत्या. मावशींनी बादली पदराआड लपवली होती. कदम अक्कांच्या तोंडाकडं बघत होते, आणि मी कदमांच्या.

अक्का स्टेजवर चढल्या, मधोमध उभ्या राहिल्या आणि संध्याकाळच्या लग्नासाठी सुनेनं आणलेल्या अक्षतांच्या ताटाकडं त्यांनी एकवार पाहिलं. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं:

"आगं, आता ह्याच्यावर तांदूळ टाकायचं जिवावर आलंय की."